आब्रुत्सोच्या डोंगरगावांत संथ भटकंती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इटलीतल्या ग्रान सास्सो डोंगराच्या कुशीतली दगडी गावं आणि त्यांना जोडणाऱ्या मेंढपाळांच्या वाटा यांबद्दल मराठी प्रवासी जे विचारतात, त्यातले नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांत सह्याद्रीत मुरलेले ट्रेकर आहेत, जर्मनी-हॉलंडमध्ये नोकरीनिमित्त राहणारे आहेत आणि ‘बारा दिवसांत नऊ देश’ करून दमलेले, आता जरा निवांत बघू म्हणणारेही आहेत.

ही गावं नेमकी कुठे आहेत?

रोमच्या ईशान्येला आब्रुत्सो नावाचा प्रांत आहे. त्याची राजधानी लाक्विला. रोमहून लाक्विला गाडीने साधारण दीड तास. तिथून पूर्वेला तीसेक किलोमीटर वर चढलं की सान्तो स्तेफानो दि सेसानियो, कालाशो, कास्तेल देल मोन्ते, कास्तेलवेक्यो काल्विसियो ही गावं एकामागोमाग लागतात. त्यांच्या डोक्यावर कांपो इंपेरातोरे हे विस्तीर्ण पठार आणि त्याच्याही वर ग्रान सास्सोचं सर्वोच्च शिखर कोर्नो ग्रांदे, उंची 2,912 मीटर. हा सगळा भाग 1991 साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय उद्यानात येतो.

उंचीचा अंदाज आपल्या मापाने घ्यायचा तर कळसूबाई 1,646 मीटर आहे. सान्तो स्तेफानो 1,251 मीटरवर वसलंय, रोक्का कालाशोचा किल्ला 1,460 मीटरवर उभा आहे आणि पठाराचा बराचसा भाग कळसूबाईच्या माथ्यापेक्षा उंच आहे. त्यामुळे ‘इटली म्हणजे उकाडा’ हे डोक्यातून काढूनच सामान भरा.

टस्कनी सोडून इथे कशाला यायचं?

टस्कनी सुंदर आहे, त्यात वाद नाही. पण तिथल्या नावाजलेल्या गावांत दुपारी बाराला पोचलात तर गावकरी कमी आणि छत्री धरलेले गाइड जास्त दिसतात. आब्रुत्सोची गावंही देखणी आहेत, पण त्यांचं देखणेपण कष्टाचं आहे. इथे द्राक्षमळे नाहीत, सरूंच्या रांगा नाहीत. चुनखडीचे उघडे डोंगर, दगड वेचून काढलेली छोटी छोटी शेतं आणि थंडीला पाठ देऊन एकमेकांना चिकटून बसलेली घरं. देशावरच्या दुष्काळी भागात ज्यांचं बालपण गेलंय, त्यांना हा मुलूख लगेच ओळखीचा वाटतो.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ही गावं एकेकाळी श्रीमंत होती, नंतर ओस पडली आणि आता तग धरण्यासाठी धडपडत आहेत. सान्तो स्तेफानोत आणि कालाशोत आज वर्षभर राहणारी माणसं मिळून काही शेकडा. तुम्ही इथे चार रात्री राहिलात तर त्याचा फरक गावाला खरोखर जाणवतो. बसमधून उतरून तासाभरात फोटो काढून निघालात, तर गावाच्या वाट्याला फक्त पार्किंगची कटकट येते.

या वाटा कुणी पाडल्या?

मेंढ्यांनी. हे एक कळलं की बाकी सगळ्याचा उलगडा होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

या डोंगरावर हिवाळ्यात चार-पाच महिने बर्फ असतं. चारा नाही. त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबरात मेंढपाळ कळप घेऊन दक्षिणेकडे पुलियाच्या सपाट, उबदार कुरणांत उतरायचे आणि मे-जूनमध्ये परत डोंगरावर यायचे. लाक्विला ते पुलियातलं फोज्जा या मुख्य वाटेचं नाव त्रात्तुरो मान्यो. लांबी सुमारे 244 किलोमीटर. आणि रुंदी? ठरवून दिलेली रुंदी 60 नेपोलिटन पावलं, म्हणजे सुमारे 111 मीटर! वाट कसली, गवताची वाहती नदीच ती. चालता चालता मेंढ्यांना चरता यावं म्हणून एवढी रुंद ठेवलेली. 1447 मध्ये, तेव्हा नेपल्सवर राज्य करणाऱ्या आरागॉनच्या आल्फोन्सो राजाने या सगळ्या व्यवहारासाठी स्वतंत्र जकात-खातं काढलं; त्याची कचेरी पुढे फोज्जाला आली. कळपांनी कुठून जायचं, कुणी कुठे चरायचं, किती कर भरायचा, सगळं तिथे ठरायचं. हे खातं 1806 पर्यंत चाललं. लाखो मेंढ्यांवरचा कर हे नेपल्सच्या राज्याचं मोठं उत्पन्न होतं.

लोकरीला भाव होता म्हणूनच फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याने 1579 मध्ये सान्तो स्तेफानो आणि आसपासचा मुलूख विकत घेतला आणि 1743 पर्यंत ताब्यात ठेवला. गावाच्या वेशीवर आजही त्यांचं चेंडूसारख्या गोळ्यांचं कुलचिन्ह कोरलेलं दिसतं. इथली काळसर, खरखरीत लोकर जोग्यांच्या झग्यांना आणि सैनिकांच्या कपड्यांना जायची. कोपऱ्यातल्या डोंगरगावात नक्षीदार दगडी खिडक्या, कमानी आणि दुमजली घरं कुठून आली, याचं उत्तर त्या लोकरीत आहे. एकोणिसाव्या शतकात कुरणांची जागा गव्हाच्या शेतीने घेतली, लोकरीचा धंदा बसला, आणि माणसं अमेरिका-कॅनडाकडे निघून गेली.

आपल्याकडे धनगर पावसाळ्यात देशावर आणि दिवाळीनंतर कोकणात मेंढरं घेऊन उतरतात, तोच हा जीवनक्रम. 2019 मध्ये युनेस्कोने इटली, ग्रीस आणि ऑस्ट्रिया यांच्या या हंगामी स्थलांतराला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. धनगरांच्या वाटा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांनी त्रात्तुरोवर निदान एक दिवस तरी चालावं. प्राता दान्सिदोनिया गावाजवळ ही वाट पेल्तुइनुम या उजाड रोमन नगराच्या अवशेषांमधून जाते. तटबंदीचे तुकडे, नाट्यगृहाची बैठक, भोवती बदामाची झाडं, आणि बऱ्याचदा आजूबाजूला चिटपाखरू नसतं.

एकाच गावात चार रात्री? कंटाळा नाही येणार?

पहिल्या दिवशी येईल, हे खरं आहे. गाव वीस मिनिटांत पाहून होतं. मग दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत सूर्य कुठून शिरतो ते दिसतं. तिसऱ्या दिवशी बारमधल्या बाई न विचारता तुमची कॉफी करायला घेतात. (इटलीतला बार म्हणजे आपल्या कोपऱ्यावरचं चहाचं हॉटेल. तिथे कॉफी, पाव, लॉटरी, बसचं तिकीट आणि गावच्या बातम्या, सगळं मिळतं.)

चार रात्रींचा सरळ आराखडा असा. एक दिवस सान्तो स्तेफानोहून चालत रोक्का कालाशो आणि परत. एक दिवस कांपो इंपेरातोरेच्या पठारावर, राकोल्लो तळ्याच्या बाजूला. एक दिवस कास्तेलवेक्यो काल्विसियोकडे. आणि एक दिवस मोकळा ठेवा, काहीही न ठरवता. पाऊस आला तर हाच दिवस कामी येतो. मुक्कामाआधी लाक्विलात एक रात्र जरूर काढा. 1272 मध्ये बांधायला घेतलेलं 99 नळांचं कारंजं आणि कोल्लेमाज्योचं गुलाबी-पांढऱ्या दगडांचं चर्च पाहण्यासारखं आहे. त्याच चर्चमध्ये 29 ऑगस्ट 1294 रोजी पाचवे सेलेस्तीन पोप म्हणून विराजमान झाले. डोंगरातल्या गुहेत राहणारा हा तपस्वी, काही महिन्यांतच पद सोडून मोकळा झाला. त्यांनी दिलेल्या पापक्षमेचा उत्सव लाक्विलात आजही ऑगस्टच्या अखेरीस होतो.

मुक्कामाला कुठलं गाव निवडावं?

सान्तो स्तेफानो सगळ्यांत नेटकं आणि सगळ्यांत महाग. गाडी नसेल किंवा जेवणाखाण्याची फार धावपळ नको असेल तर कास्तेल देल मोन्ते बरं. ते थोडं मोठं आहे, दुकान आहे, राहती माणसं जास्त आहेत. तिथल्या जुन्या गावठाणात घरांच्या पोटातून जाणारे बोगद्यासारखे रस्ते आहेत, भर दुपारीही अंधारे आणि गार. कालाशोत राहिलात तर किल्ला हाकेच्या अंतरावर.

कास्तेलवेक्यो काल्विसियोत मुक्कामाची सोय फारशी नाही, पण ते चुकवू नका. गावाचा आराखडा लंबगोल आहे, मधून एक सरळ गल्ली आणि तिला काटकोनात फुटलेले अरुंद बोळ. प्रत्येक घराला बाहेरून दगडी जिना. 2009 च्या भूकंपानंतर यातली कितीतरी घरं बंद आहेत, भिंतींना लाकडी टेकू दिलेले आहेत. बंद केलेल्या भागात फोटोसाठी शिरू नका. ती घरं कुणाची तरी आहेत, आणि भिंत पडण्याचा धोकाही खरा आहे.

‘विखुरलेलं हॉटेल’ म्हणजे काय?

इटालियनमध्ये ‘आल्बेर्गो दिफ्फूजो’. नवी इमारत न बांधता गावातल्याच रिकाम्या घरांच्या खोल्या करायच्या. स्वागतकक्ष एका घरात, तुमची खोली दुसऱ्या गल्लीत, न्याहारी तिसऱ्या ठिकाणी. ही कल्पना 1976 च्या भूकंपानंतर फ्रिउली प्रांतात पुढे आली. सान्तो स्तेफानोत दानिएले किल्ग्रेन यांनी या शतकाच्या सुरुवातीला ओस पडलेली घरं घेऊन असंच हॉटेल उभं केलं. त्यांचा आग्रह असा की काजळलेल्या भिंती, वाकडी दारं, हातमागाची पांघरुणं, काहीही ‘नवं’ करायचं नाही. ते खर्चिक आहे. गावात साध्या घरगुती खोल्याही मिळतात आणि त्यांत राहण्याची मजा जराही कमी नाही.

रोक्का कालाशोला फार गर्दी असते असं ऐकलं. खरं आहे?

ऑगस्टमध्ये आणि सुट्टीच्या दिवशी, हो. हा किल्ला आता इटलीभर फोटोंमुळे प्रसिद्ध आहे. 2022 मध्ये ओस गावांना उभारी देण्याच्या सरकारी योजनेत आब्रुत्सोतून कालाशोची निवड झाली आणि 2 कोटी युरो मंजूर झाले. प्रत्येक प्रांतातून एकच गाव निवडायचं होतं, त्यामुळे त्यावर चर्चाही बरीच झाली.

गर्दीच्या दिवसांत खासगी गाडी वरपर्यंत सोडत नाहीत. कालाशोत गाडी लावून शटलने किंवा पायी चढायचं. पण खरी वाट सान्तो स्तेफानोहून आहे. चार-पाच किलोमीटर, रमतगमत दीड तास. धारेवरून चालताना किल्ला हळूहळू मोठा होत जातो. मधे चौकोनी मुख्य बुरूज, चार कोपऱ्यांना चार गोल बुरूज, खालून रुंद होत गेलेले. सगळं पांढऱ्या दगडाचं. रायगड-राजगड पाहिलेल्या माणसाला हा किल्ला फार लहान वाटेल, पण त्याचं काम पहाऱ्याचं होतं. इथून खालची दरी, मेंढ्यांच्या वाटा आणि शेजारचे टेहळणीचे बुरूज एका नजरेत येतात. संदेश धुराने आणि मशालींनी जायचे. 1703 च्या भूकंपात किल्ल्याखालची वस्ती कोसळली आणि बहुतेक लोक खालच्या कालाशोत उतरले.

किल्ल्यापासून थोडं खाली उतरलं की सान्ता मारिया देल्ला पिएता हे अष्टकोनी चर्च माळावर एकटंच उभं आहे. मागे ग्रान सास्सोची भिंत. लुटारूंच्या टोळीवर गावकऱ्यांनी इथे मात केली म्हणून ते बांधलं, असं सांगतात. सकाळी आठच्या आत पोचा, मग तुम्ही आणि वारा, इतकेच असता.

पायवाटा अवघड आहेत का?

गावं जोडणाऱ्या वाटा अवघड नाहीत. राजमाची किंवा लोहगड चढलेला माणूस त्या आरामात करेल. वाटांवर इटालियन अल्पाइन क्लबच्या लाल-पांढऱ्या खुणा असतात. फलकावर ‘टी’ म्हणजे सोपी वाट, ‘ई’ म्हणजे सरावलेल्यांसाठी, ‘ईई’ म्हणजे अनुभवी ट्रेकरांसाठी. ‘ईईए’ दिसलं की हेल्मेट, हार्नेस आणि दोर लागणार.

कोर्नो ग्रांदेची नेहमीची वाट ‘ईई’ आहे. 2,130 मीटरवरच्या कांपो इंपेरातोरे हॉटेलजवळून निघते, वर घसारा आणि कातळ आहे. जूनमध्येसुद्धा बर्फाचे पट्टे असू शकतात. अनुभव नसेल तर गाइड घ्या किंवा दूका देल्यी आब्रुत्सी या 2,388 मीटरवरच्या निवाऱ्यापर्यंत जाऊन परत या. तासाभराचा चढ आहे आणि पठाराचं दर्शन तिथून पूर्ण होतं. ज्या हॉटेलजवळून वाट सुटते तिथेच 1943 मध्ये मुसोलिनीला कैदेत ठेवलं होतं आणि 12 सप्टेंबरला जर्मन सैनिकांनी ग्लायडर उतरवून त्याला सोडवलं.

सह्याद्रीतल्या माणसाला दोन गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात. पठारावर सावली नसते, झाड नसतं, ऊन थेट डोक्यावर. आणि उन्हाळ्यात दुपारनंतर ढग चढतात, विजा पडतात. म्हणून पहाटे निघा आणि दोनच्या आत धारेवरून खाली या.

वाटेत पांढरी कुत्री अंगावर येतात म्हणे?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि यायलाच हवा. मारेम्मानो-आब्रुत्सेजे जातीची ही मोठी, पांढरीशुभ्र कुत्री कळपाची राखण करतात. या डोंगरात लांडगे आहेत, त्यामुळे ती शोभेची नाहीत. पिल्लू असल्यापासून मेंढ्यांतच वाढलेली असतात आणि मेंढपाळ जवळ नसला तरी स्वतः निर्णय घेतात. जुन्या काळी लांडग्याने नरडं धरू नये म्हणून त्यांच्या गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा घालायचे.

कळप दिसला की दुरूनच वळसा घ्या. शे-दोनशे मीटर जास्त चालावं लागलं तरी चालेल. कुत्रं आणि मेंढ्या यांच्या मधे कधीही जाऊ नका. कुत्री भुंकत धावत आली तर जागच्या जागी थांबा. पळू नका, डोळ्यांत डोळे घालू नका, काठी उगारू नका आणि दगड तर मुळीच मारू नका. आपल्याकडे गावकुत्र्यासाठी नुसतं वाकून दगड उचलल्यासारखं केलं की भागतं. इथे ते उलट अंगाशी येतं. शांत आवाजात बोला, हात खाली ठेवा, आणि हळूहळू कळपापासून लांब सरका. सायकलवर असाल तर उतरून सायकल मधे ठेवा. कुत्री जवळ येतात, हुंगतात, तुमच्या मागे थोडं चालतात आणि तुम्ही त्यांच्या हद्दीबाहेर गेलात की परत फिरतात. ते दोन मिनिटांचं भुंकणं तिथे उभं राहून ऐकणं कठीण आहे, पण तेवढंच करायचं असतं. मेंढपाळ दिसला तर हात करा. तो शीळ घालून त्यांना बोलावतो.

जायचं कधी?

मेच्या अखेरीपासून जूनअखेरपर्यंत पठार हिरवं असतं, रानफुलं असतात, कळप नुकतेच वर आलेले असतात. सप्टेंबर स्वच्छ आणि निवांत. ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा केशरासाठी. ऑगस्ट टाळा. त्या महिन्यात सगळी इटली सुट्टीवर असते. अपवाद एकच, 5 ऑगस्टच्या सुमारास कांपो इंपेरातोरेवर भरणारं मेंढ्यांचं प्रदर्शन. मेंढपाळीत रस असेल तर गर्दी सोसून जा. हिवाळ्यात पठारावरचा रस्ता बर्फामुळे बंद असतो.

आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहावं लागेल का?

अजिबात नाही. इथलं मूळ जेवण गरिबांचं आहे, आणि गरिबांच्या जेवणात मांस रोज नसतं.

सगळ्यांत आधी सान्तो स्तेफानोची मसूर. हजार मीटरच्या वरच्या दगडाळ शेतात होणारी, मोहरीपेक्षा जराच मोठी, काळपट जांभळी. ती भिजत घालावी लागत नाही, वीस-पंचवीस मिनिटांत शिजते आणि शिजल्यावरही दाणा अखंड राहतो. 998 सालच्या मठाच्या कागदपत्रांत या भागातल्या मसुरीचा उल्लेख आहे. करायची रीत अगदी साधी: लसणाची पाकळी, तमालपत्र, मीठ, पाणी. शिजली की वरून कच्चं ऑलिव्ह तेल आणि शेजारी भाजलेल्या पावाचा तुकडा. फोडणी नाही, हळद नाही, तिखट नाही. पहिल्या घासाला आपल्या जिभेला काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. मग मसुरीची स्वतःची चव लागायला लागते, थोडी मातकट, थोडी गोडसर. मला तरी त्यानंतर दुसरी वाटी घेतल्याशिवाय राहवलं नाही.

हरभऱ्याबरोबरचा पास्ता, बटाटे, रानभाज्या, तारांच्या चौकटीवर कापलेला ‘कितार्रा’ पास्ता हेही मिळेल. मागताना ‘सेन्त्सा कार्ने’ म्हणा, म्हणजे मांसाशिवाय. तरी सॉसमध्ये किंवा सुपात डुकराच्या गालाच्या मांसाचे तुकडे घालायची इथे सवय आहे, म्हणून तेही वेगळं विचारा. अंडं चालत नसेल तर तसं सांगा, कारण घरच्या ताज्या पास्त्यात ते बहुधा असतं. आणि कडक शाकाहारी असाल तर हे लक्षात घ्या: मेंढीच्या दुधाचं पेकोरीनो चीज पारंपरिक पद्धतीने करताना दूध विरजायला जनावराच्या जठरातलं रेनेट वापरतात. जैन मंडळींनी स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी, मसूर आणि भाज्या विकत घेऊन घरी शिजवाव्यात.

मांसाहारी असाल तर पठारावर फोन्ते वेतिकाला जा. खाटकाकडून मेंढीच्या मांसाच्या बारीक काड्या, म्हणजे आर्रोस्तिचीनी, विकत घ्यायच्या आणि बाहेरच्या लांबट अरुंद शेगडीवर स्वतः भाजायच्या. मीठ सोडून दुसरं काही लावत नाहीत.

केशराचं काय?

सान्तो स्तेफानोच्या खाली, नावेल्लीच्या पठारावर ‘लाक्विलाचं केशर’ पिकतं. 2005 पासून त्याला युरोपीय संघाचं मूळस्थानाचं संरक्षण आहे. इथले शेतकरी दरवर्षी ऑगस्टमध्ये कंद उकरून, निवडून पुन्हा लावतात. हे फार कष्टाचं काम आहे. ऑक्टोबरच्या मध्यापासून दोन-तीन आठवडे फुलं येतात. उजाडायच्या आत, फूल मिटलेलं असतानाच खुडायचं. मग सगळं घर टेबलाभोवती बसून त्यातले लाल केसर वेगळे काढतं आणि त्याच दिवशी चाळणीत पसरून निखाऱ्यांवर सुकवतं. एक किलो केशराला दीड-दोन लाख फुलं लागतात. शेतकऱ्याला आधी विचारून गेलात तर खुडायला बोलावतातही. थेट त्याच्याचकडून एखादा ग्रॅम घ्या.

तिकडे गेलातच तर बोमिनाको गावचं सान पेल्लेग्रीनोचं छोटं प्रार्थनागृह पाहा. 1263 सालची भित्तिचित्रं छतापासून जमिनीपर्यंत आहेत आणि त्यांत बारा महिन्यांची दिनदर्शिकाही रंगवलेली आहे. दाराला बहुधा कुलूप असतं. तिथे लिहिलेल्या नंबरवर फोन केला की गावातलं कुणीतरी किल्ली घेऊन येतं.

गाडीशिवाय जमेल का?

जमेल, पण वेळ हाताशी हवा. रोमच्या तिबुर्तीना स्थानकावरून लाक्विलाला बस भरपूर आहेत. लाक्विलाहून डोंगरगावांना प्रांतिक परिवहनाच्या बस दिवसाला मोजक्याच, त्याही शाळा-नोकरीच्या वेळांना जुळवलेल्या. रविवारी जवळपास काहीच नाही. म्हणून शनिवार-रविवारी गाव बदलायचं ठरवू नका. खोलीच्या मालकांना आधी कळवलं तर ते पुष्कळदा बसथांब्यावर घ्यायला येतात.

गाडी घेणार असाल तर भारतीय परवान्याबरोबर आपल्या आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना लागतो. पेट्रोल लाक्विलातच भरून घ्या. गावच्या गल्ल्यांत गाडी घालू नका, वेशीबाहेर लावा.

भूकंपाची भीती नाही का?

6 एप्रिल 2009 च्या पहाटे लाक्विलाला झालेल्या भूकंपात 309 माणसं गेली. सान्तो स्तेफानोचा मेदिचींच्या नावाने ओळखला जाणारा गोल मनोरा त्या पहाटे पूर्ण ढासळला. तो आता त्याच जागी पुन्हा बांधला आहे. किल्लारीचा 1993 चा भूकंप ज्यांच्या घरापर्यंत आला होता, त्यांना या गावांतले टेकू आणि क्रेन पाहून वेगळं काही सांगावं लागत नाही. धोका शून्य नाही. दुरुस्त केलेल्या घरांत लोखंडी पट्ट्यांनी भिंती बांधून घेतलेल्या असतात. खोली घेताना काम कधी झालं ते खुशाल विचारा, कुणी वाईट मानत नाही. लोकांशी त्या रात्रीबद्दल बोलायचं असेल तर त्यांना आधी बोलू द्या.

आईवडील सत्तरीचे आहेत, मुलं लहान आहेत. न्यावं का?

न्यावं. चढ-उताराच्या दगडी गल्ल्यांसाठी चांगले बूट आणि आईवडिलांना एक काठी. पायऱ्या पावसाने गुळगुळीत होतात. खोली शक्यतो वेशीजवळ, तळमजल्यावरची मागा. मुलांना पठारावरचे मोकळे घोडे आणि गाई आवडतात, फक्त हात लावायला जाऊ देऊ नका. बाबागाडी घरी ठेवा, पाठीवरची झोळी घ्या.

व्हिसा आणि पैसे?

भारतीय पासपोर्टला शेंगेन व्हिसा लागतो. शुल्क मोठ्यांना 90 युरो, 6 ते 12 वर्षांच्या मुलांना 45. किमान 30,000 युरोंचा प्रवास-वैद्यकीय विमा हवा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उन्हाळ्याच्या तारखा लवकर भरतात. छोट्या खोलीवाल्यांकडूनही नावासहित बुकिंगचं पत्र मागून घ्या. कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं, तरी थोडी रोख जवळ असू द्या.

इटालियन येत नाही. अडेल का?

तरुणांना थोडं इंग्रजी येतं, आजी-आजोबांना नाही. दुकानात शिरताना ‘बोन्जोर्नो’, निघताना ‘ग्रात्सिये’ म्हणा. न बोलता आत शिरून वस्तू हाताळणं उद्धटपणाचं समजतात. बाकावर बसलेल्या म्हाताऱ्यांनाही नमस्कार करा, त्यांचा फोटो काढायचा तर विचारून काढा. राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय ड्रोन उडवायला बंदी आहे. दुपारी एक ते चार दुकानं बंद असतात, तो वेळ झोपेचा.

वाटेत पाणी, आणि काही झालं तर मदत?

गावच्या कारंजांचं पाणी गार आणि पिण्याजोगं असतं. ‘नॉन पोताबिले’ अशी पाटी असेल तिथलं पिऊ नका. पठारावर पाण्याचा भरवसा धरू नये, माणशी दोन लिटर घेऊनच निघा. दऱ्यांमध्ये मोबाइलची रेंज जाते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि कुठल्या वाटेने जाताय, किती वाजता परतणार, हे खोलीच्या मालकांना सांगून निघा. आणीबाणीचा नंबर 112. डोंगरातल्या बचाव पथकाला तिथूनच कळवतात. फोनवर वाटेचा क्रमांक सांगा, तो लाल-पांढऱ्या खुणेच्या मधल्या पट्ट्यावर किंवा फलकावर काळ्या आकड्यांत लिहिलेला असतो.